दाराशी खराटा

ओउलू, ३ जानेवारी २०१९

प्रिय हिल्का मावशी,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेलं ख्रिसमसचं हॅम ऑफिसात नेलं आणि दुपारच्या आत हाड उरलं. सगळे विचारत होते, तुझी मावशी दत्तक घेते का म्हणून.

आता कागदावरचं पत्र बघून तू शेवटची ओळ आधी वाचली असशील. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही, मी लग्नबिग्नही ठरवलेलं नाही. ही गोष्ट ई-मेलने सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितोय. तुझा ई-मेल ज्या कॉम्प्युटरवर राहतो त्याच्याचबद्दल बोलायचंय. आणि फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतेस.

तर मावशी, तुझ्या ‘कोठार’मध्ये एक भोक आहे.

तुला काय सांगायचं म्हणा, प्रोग्रॅम तुझाच. पण लेखी नीट असावं म्हणून पहिल्यापासून लिहितो. माणूस ‘कोठार’ आपल्या कॉम्प्युटरवर चढवतो आणि त्याची फोल्डरं इंटरनेटवरून बाकीच्यांना उघडता येतात. ज्या फोल्डरमध्ये ‘खराटा’ नावाची रिकामी फाइल टाकली, ते पाहुण्यांच्या यादीत दिसत नाही. इथवर झकास. पण ते नुसतं दिसत नाही, बंद होत नाही! कुणी वर पत्त्याच्या ओळीत त्या फोल्डरचं नाव अंदाजाने टाइप केलं, की ते सताड उघडतं. पासवर्ड नाही, काही नाही.

आमच्या, म्हणजे प्रोग्रॅममधली भोकं शोधणाऱ्यांच्या, धंद्याचा रिवाज तुला ठाऊक आहे. ज्याचा प्रोग्रॅम त्याला आधी गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला नव्वद दिवस द्यायचे, आणि मग दुरुस्ती झालेली असो वा नसो, जगाला सांगायचं, म्हणजे वापरणारे तरी सावध होतात. आजपासून नव्वद दिवस म्हणजे तीन एप्रिल. भाचा म्हणून मला एक दिवससुद्धा वाढवून देता येणार नाही, ऑफिसात तारीख लिहून झाली आहे.

तुझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरला मी हात लावलेला नाही हेही सांगून ठेवतो. माझ्या घरी ‘कोठार’ची एक प्रत चढवली आणि तिच्यावर पाहिलं.

रागावू नकोस. रागावलीस तर एकदम रागव, हप्त्याहप्त्याने नको.

तुझा,
नीलो


लेह्तोपेरा, १० जानेवारी

नीलो, अरे शहाण्या,

पत्र पोचलं. बर्फ इतका पडलाय की रस्त्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायला मला अर्धा तास लागला, आणि तिथे उभ्याउभ्या वाचलं तर काय, म्हणे भोक!

भोक नाही ते बाळा. रीत आहे ती. तुझ्या आजोबांच्या घराला कुलूप होतं का? शेतावर जाताना दाराला खराटा टेकवून जायचे. येणाऱ्याला लांबूनच कळायचं की घरात कोणी नाही, आणि तो तिथूनच वळायचा. माझ्या लहानपणी या गावात खराटा बघूनसुद्धा आत शिरलेला माणूस एकच निघाला. त्याला मरेपर्यंत कोणी कॉफीला बोलावलं नाही. मी ‘कोठार’ लिहिलं तेव्हा हेच मनात होतं. फोल्डरच्या दाराशी खराटा आहे, म्हणजे इथे येऊ नका. समजणाऱ्याला एवढं पुरे.

अठरा वर्षं झाली. चर्चच्या गायनमंडळाची स्वरलिपी त्यावर, शेजारच्या टाइस्तोच्या शिकारी मंडळाच्या याद्या त्यावर, आणि मागच्या वर्षी पोर्तुगालच्या एका बाईने लिहिलं होतं की त्यांच्या अख्ख्या भरतकाम मंडळाचा संसार माझ्या ‘कोठार’वर चालतो. आजवर एकाचीही तक्रार नाही. तू म्हणतोस अंदाजाने नाव टाइप केलं तर उघडतं. मी म्हणते, करावंच कशाला? दुसऱ्याच्या घराच्या कड्या कोण हलवून बघतं?

टाइस्तोला सांगितलं. तो म्हणाला, पोराला शहराचं वारं लागलं. मी म्हटलं, माझ्या भाच्याला काही बोलायचं नाही, बोलायचं असेल तर मी बोलेन. तेव्हा आता बोलते: नव्वद दिवसांची नोटीस काय देतोस रे मला? मी भाडेकरू आहे का?

लोकरीचा स्वेटर पुरा होत आलाय. छातीचं माप कळव. हॅमने वाढलं असेल.

मावशी


ओउलू, २० जानेवारी

प्रिय मावशी,

माप तेच आहे. (खरं म्हणजे दोन बोटं सैल ठेव.)

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा नाही. लेह्तोपेऱ्यात तुझं सगळं खरं आहे. पण ‘कोठार’ आता लेह्तोपेऱ्यात राहिलेलं नाही. मला सापडली तेवढीच ठिकाणं पाचशे बारा आहेत. त्यात एक दातांचा डॉक्टर आहे, दोन शाळा आहेत, एक वकील आहे. या सगळ्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून आपल्या खाजगी फोल्डरच्या दाराशी खराटा लावलाय आणि निर्धास्त झोपलेत. त्यांना वाटतं ते कुलूप आहे.

आणि कड्या कोण हलवून बघतं म्हणतेस? माणसं बघतच नाहीत मावशी, यंत्रं बघतात. दिवसभर दुसरं काही काम नसलेली यंत्रं. नावांची लांबलचक यादी घेऊन प्रत्येक दारावर जातात आणि एकेक नाव टाकून बघतात. ‘पत्रं’, ‘बँक’, ‘फोटो’, ‘घर’, बायकांची नावं, कुत्र्यांची नावं. त्यांना लाज नाही, कंटाळा नाही, आणि त्यांना कॉफीला न बोलावून काही फरक पडत नाही. खराटा दिसला की उलट त्यांना कळतं, आत ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

शिकारी मंडळाच्या यादीत कोणाच्या घरी बंदुकीचं कपाट कुठल्या खोलीत आहे तेही आहे ना? टाइस्तोकाकाच नाताळात सांगत होते. आता विचार कर.

तुझा त्रास वाचावा म्हणून दुरुस्ती मीच लिहून सोबत जोडली आहे. एकच पान आहे. तू फक्त उतरवून घे, दोन तासांचं काम. माझ्यासाठी कर. तीन एप्रिलला मला माझ्या मावशीच्या नावापुढे ‘कळवूनही दुरुस्त केलं नाही’ असं लिहायचं नाही. रात्री झोप येत नाही त्या विचाराने.

नीलो


लेह्तोपेरा, २ फेब्रुवारी

नीलो,

तुझं पान मिळालं. सॉनाचा बंब पेटवायला उपयोगी पडलं.

बेचाळीस वर्षं मी पोरांना गणित शिकवलं. तुला गुणाकार मी शिकवला, कॉम्प्युटरसमोर मांडीवर घेऊन पहिली ओळ मी लिहायला लावली. आता माझ्या प्रोग्रॅमची उत्तरपत्रिका तू मला लिहून पाठवणार? दोन तासांचं काम म्हणे. मला चार तास लागतील म्हणून पाठवलंस का?

तीन एप्रिलला तुझं कर्तव्य कर. लिही, की लेह्तोपेऱ्याच्या हिल्काला दार लावता येत नाही. मी चौऱ्याहत्तरची आहे, लोक काय म्हणतील याची भीती कधीच सोडली.

एका गोष्टीचं बरं वाटलं, ते सांगते, कारण रागातसुद्धा खरं ते खरं. माझ्या कॉम्प्युटरला हात लावला नाहीस म्हणालास. तेवढी रीत शिल्लक आहे तुझ्यात.

मावशी


ओउलू, ११ फेब्रुवारी

मावशी,

तुझं शेवटचं वाक्य वाचून गेला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. मी खोटं बोललो.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी तू गायनमंडळात गेली होतीस. टाइस्तोकाकांना शिकारी मंडळाचा कागद हवा होता, म्हणून मी तुझ्या ‘कोठार’मध्ये शोधत होतो. यादीत नव्हता, म्हणून वर अंदाजाने एकदोन नावं टाइप केली. तेव्हाच मला हे भोक सापडलं. ऑफिसच्या कामात नाही, तुझ्या स्वयंपाकघरात सापडलं. आणि मग मूर्खासारखं, का ते अजून कळत नाही, मी आईचं नाव टाइप केलं.

उघडलं. समोर यादी आली. एक्केचाळीस फाइल, सगळ्या आवाजाच्या. पहिलीवर सप्टेंबर २००८, शेवटचीवर ४ डिसेंबर २००८.

मी एकही ऐकली नाही. लगेच बंद केलं आणि बाहेर जाऊन अंगणातला बर्फ काढत बसलो. तू आलीस तेव्हा म्हणालीस ना, आज पोरगं अगदी कामाचं झालंय.

सप्टेंबर २००८ मध्ये मी सक्तीच्या लष्करी सेवेत, सोदांक्युलाच्या छावणीत होतो. एकोणीस वर्षांचा. आईच्या आजाराचा तुम्ही दोघींनी मला एक शब्द कळवला नाहीत. मी पोचलो तेव्हा ती जाऊन एक दिवस झाला होता. तिच्यावर मी किती चिडलो होतो ते तू पाहिलंस. तुझ्यावर नाही चिडलो, कारण तू सोडून कोणी उरलंच नव्हतं.

त्या फाइलींमध्ये काय आहे मावशी? दहा वर्षं तू मला का नाही सांगितलंस? मी पुन्हा तो पत्ता टाइप करणार नाही. तू तिथे खराटा ठेवला आहेस. पण आता रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की मला माहीत असतं, एक ओळ टाइप केली की ती बोलेल. तुझ्या रीतीची परीक्षा मी इथे बसून देतोय, आणि ती फार कठीण आहे.

नीलो


ओउलू, ९ मार्च

प्रिय मावशी,

महिना होत आला. फोन उचलत नाहीस. टाइस्तोकाकांना विचारलं तर म्हणाले, चिमणीतून धूर निघतो आणि दुकानात येऊन छापायच्या कागदाची रिमं घेऊन जाते, म्हणजे जिवंत आहे. अधिक विचारलं तर म्हणाले, तुमच्या घरच्या भानगडीत मला ओढू नको, मला तिच्या हातची कॉफी प्यायची आहे.

रागावली असशील तर रागव, पण दोन ओळी लिही. पंचवीस दिवस उरले, पण आता मला त्या तारखेचं काही पडलेलं नाही. तुझं पडलंय.

नीलो


लेह्तोपेरा, १७ मार्च

माझ्या नीलो,

रागावले नव्हते. वाचत होते.

तुझं पत्र आलं आणि मी एक गोष्ट केली, जी अठरा वर्षांत केली नव्हती. कोण आलं, कधी आलं, काय उघडलं, याची नोंदवही ‘कोठार’ आपोआप लिहून ठेवतं, ते तुला माहीत आहे. मी ती कधी उघडली नाही. पाहुणे कितीदा आले हे मोजत बसणं मला बरं दिसत नाही. पण या वेळी सगळी छापून काढली. स्वयंपाकघरात, जिन्यावर, पलंगावर कागदच कागद. चष्म्यावर भिंग धरून एकेक ओळ वाचली.

तू सापडलास. २६ डिसेंबर, दुपारी. यादी पाहिली, चौदा सेकंदांनी गेलास. त्यानंतर ओउलूहून एकदाही नाही. मी मुद्दाम आजपर्यंतचं तपासलं. ज्याला सगळ्यात जास्त उघडायचं होतं तो दाराशी उभा राहिला आणि आत आला नाही. नीलो, तुझ्यासारखा मुलगा मी वाढवला, यापुढे मला कोणी काही म्हणो.

पण मग दुसरी ओळ सापडली. गेल्या वर्षीची, ऑगस्टची. कुठल्या देशातून ते कळत नाही. ‘आदा’ टाइप केलं, उघडलं नाही. ‘आगा’, नाही. ‘आइदा’, नाही. मग ‘आइला’. आणि मग एकामागून एक, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. चार मिनिटांत सगळं घेऊन गेलं. नोव्हेंबरात पुन्हा आलं, नवीन काही आहे का बघायला.

मी जिन्यावर बसून रडले. राग कोणाचा तेच कळेना. ज्याला कान नाहीत त्या यंत्राने तुझ्या आईचा आवाज नेला, आणि तिच्या पोटच्या पोराला मी दहा वर्षं दिला नाही. तू जे जानेवारीत लिहिलंस ना, कंटाळा नाही, लाज नाही, ते मला तेव्हा शब्द वाटले. आता ती चार मिनिटं डोळ्यांसमोर आहेत.

टाइस्तोची यादीही गेली आहे. त्याच्या घरी गेले, उभ्यानेच सांगितलं, माझी चूक आहे म्हणून. त्याने टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, “म्हणजे माझी बंदूक कुठे असते ते साऱ्या जगाला ठाऊक आणि माझ्या बायकोला नाही.” मग माझ्याबरोबर पोलिसांकडे आला. मंडळातल्या सगळ्यांनी दोन दिवसांत कपाटं हलवली. कुणी मला दोष दिला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग दुरुस्तीला बसले. तुझं पान जाळलं होतं हे खोटं. पेटवायला नेलं आणि खिशात ठेवलं. पण ते उतरवलं नाही, स्वतःच लिहिलं, आणि तुझे दोन तास मला अकरा दिवस पडले. हात पूर्वीसारखे चालत नाहीत. आता जिथे खराटा, तिथे पासवर्ड. दिला नाही तर आत काय आहे हेच काय, आत काही आहे हेसुद्धा कळत नाही. नवीन प्रत सोबतच्या चकतीवर आहे. फोडून बघ. भाचा म्हणून सोडू नकोस.

आता आइलाचं.

तुला कळवायचं नाही ही शपथ तिची. तिला वाटत होतं, हिवाळी सुट्टीपर्यंत आपण टिकू आणि मग समोर बसवून सांगू. गणित चुकलं. हॉस्पिटलात मी तिला माझं टेपचं छोटं यंत्र दिलं होतं. अंगात त्राण असेल त्या संध्याकाळी ती तुझ्याशी बोलायची. शेवटी मला म्हणाली, “हे त्याच्यावर लादू नकोस. तो चिडेल. चिडणं ओसरेल तेव्हा स्वतःहून विचारेल. तेव्हा दे.” तू तिचं नावच काढायचा नाहीस. मी वाट बघत राहिले. पण विचारायला काहीतरी आहे हे तुला ठाऊकच नव्हतं, मग तू विचारणार कसा? हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरी गप्प बसले.

का, ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी रोज ऐकत होते. संध्याकाळी कॉफी घेऊन बसायचं आणि एक फाइल लावायची. मला वाटायचं, तुला दिलं की ते माझं राहणार नाही. खराटा मी जगासाठी लावला नव्हता नीलो, तुझ्यासाठी लावला होता.

शिव्या दे. हप्त्याहप्त्याने दिल्यास तरी चालतील.

तुझी मावशी


ओउलू, २४ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून चिडलो. खोटं कशाला बोलू, एकदा बोलून बघितलं, महागात पडलं. बूट चढवले आणि समुद्रावरच्या बर्फावरून चालत सुटलो. मासे धरायला भोकं पाडून बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला हाका मारल्या, पुढे बर्फ पातळ आहे म्हणून. तुला ओरडून काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं. मग एका म्हाताऱ्याने थर्मासमधली कॉफी दिली आणि विचारलं, कोणावर चिडलास? मी म्हटलं, मावशीवर. तो म्हणाला, मावशी आहे, हेच खूप. माझी नाही. मी परत आलो.

दहा वर्षं तू एकटी ऐकत बसलीस. आपण दोघं ऐकू शकलो असतो. याचा राग आहे, आणि तो काही दिवस राहील, पण त्यापायी मी तुझ्याकडे यायचा थांबणार नाही. आणि मीही काही कमी नाही. तिचं नाव निघालं की उठून जाणारा मीच होतो.

आता कामाचं. तीन दिवस तुझी नवीन प्रत फोडायचा प्रयत्न केला. ऑफिसातले दोघे मदतीला घेतले. कुलूप पक्कं आहे. फक्त एक राहिलंय: फोल्डरचं नाव मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षरांत टाइप केलं, तर काही कॉम्प्युटरांवर तुझं कुलूप त्याला ओळखत नाही आणि सोडून देतं. कसं नीट करायचं ते सांगत नाही. तुला कळेल.

तीन तारखेच्या निवेदनात काय लिहू? रिवाजाप्रमाणे शोधणाऱ्याचं नाव असतं. आणि अशा प्रत्येक दोषाला एक सरकारी थाटाचा नंबर मिळतो, तुझ्याही दोषाला मिळालाय.

आणि मावशी. मी विचारतोय. स्वतःहून विचारतोय. ती काय बोलली आहे माझ्याशी? रागावली आहे का माझ्यावर? जे असेल ते मला दे.

नीलो


लेह्तोपेरा, ३० मार्च

माझ्या नीलो,

मोठी अक्षरं! वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला शून्य देऊन बाकावर उभं केलं असतं. परवा संध्याकाळी नीट केलं. दोन तास लागले, मोजून. नवीन प्रत सगळ्यांसाठी खुली केली आहे, पोर्तुगालच्या बाईला वेगळं पत्र लिहिलं, आणि दातांच्या डॉक्टरचा पत्ता तुझ्याकडे असेल तर दे, त्यालाही लिहिते. गायनमंडळात जाऊन प्रत्येकीच्या कॉम्प्युटरवर स्वतः चढवून आले. दोघींनी पासवर्ड म्हणून नवऱ्याचं नाव ठेवलं. त्यांना म्हटलं, बायांनो, निदान मेलेल्या नवऱ्याचं तरी नको, ते थडग्याच्या दगडावर कोरलेलं आहे.

निवेदनात लिही: दोष हिल्काचा, शोध नीलोचा, दुरुस्ती दोघांची. माझं वयही लिही. आणि तो नंबर मला पाठव, मी फ्रिजवर लावणार आहे. शाळेतून निवृत्त होताना मला एक फुलदाणी मिळाली होती. त्यापेक्षा हे बरं.

आइलाच्या फोल्डरला आता कुलूप आहे. पासवर्ड कागदावर लिहिणार नाही, फोनवरही सांगणार नाही. ईस्टरला ये. सणाची ती काळी गोड खीर, मेम्मी, करून ठेवते, तुला आवडत नाही तरी खावी लागेल. कानात सांगेन, आणि मग मी सॉना तापवायला जाईन आणि बोलवेपर्यंत घरात येणार नाही.

ती रागावली आहे का विचारलंस. नाही रे राजा. थोर असं काहीच बोललेली नाही, म्हणून आधीच सांगते, नाहीतर तू काहीतरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून बसशील. शेजारच्या पलंगावरची बाई घोरते. सूप अळणी आहे. तुला थंडी वाजते का. बंदूक जड आहे का. मित्र झाले का कोणी. आणि प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबते. खरंच थांबते, आठ-आठ दहा-दहा सेकंद. तू उत्तर देशील एवढा वेळ मधे सोडते, आणि मग म्हणते, “असं होय,” नाहीतर “बरं झालं,” आणि पुढे बोलायला लागते.

दहा वर्षं त्या मधल्या जागेत तुझ्यावतीने मी उत्तरं दिली. तू शिकलास, नोकरी लागली, ओउलूला घर घेतलंस, तसतशी माझी उत्तरं बदलत गेली. “बरं झालं,” ती दर वेळी म्हणते. पण तिने मला विचारलेलं नाही.

आता तू ये, आणि तिला उत्तर दे.

हिल्का मावशी